रक्ताचा रिपोर्ट आणि तापाचा दिवस

गेल्या पावसाळ्यात एक गृहस्थ तापाने फणफणलेल्या मुलाला घेऊन माझ्या दवाखान्यात आले. हातातला कागद पुढे करून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, रिपोर्ट निगेटिव्ह आहे. म्हणजे डेंग्यू नाही ना?" ताप दुसऱ्या दिवसाचा होता आणि तपासणी झाली होती प्रतिपिंडांची. "या कागदावरून आज काहीच ठरत नाही," मी म्हटले. असे का, ते पाहू.

रक्ताच्या या तपासणीत विषाणू डोळ्यांना दिसत नाही. दोन प्रथिने एकमेकांना चिकटली की नाही, एवढेच पाहिले जाते. प्रतिपिंड हेही एक प्रथिनच. जशी कुलपाला ठरावीक किल्ली, तसे ते ठरावीक प्रथिनालाच धरते. ही गाठभेट दाखवणारी 'एलायझा' पद्धत स्टॉकहोम विद्यापीठातील एव्हा एंगवाल आणि पीटर पर्लमन यांनी १९७१ साली मांडली. त्यापूर्वी अशा तपासण्यांत किरणोत्सारी द्रव्य वापरीत. त्यांनी त्याजागी विकर, म्हणजे एन्झाइम, योजले.

एका प्लॅस्टिकच्या ताटलीत ९६ लहान खळगे असतात. त्यांच्या तळाशी प्रतिपिंडे चिकटवलेली असतात. त्यात रुग्णाच्या रक्तातील सीरम घालतात. डेंग्यूच्या विषाणूचे 'एनएस-१' नावाचे प्रथिन त्यात असेल, तर ते तळाशी पकडले जाते. बाकीचे धुऊन टाकतात. मग विकर जोडलेले दुसरे प्रतिपिंड घालतात व पुन्हा धुतात. शेवटी घातलेल्या द्रावणाला विकरामुळे रंग येतो. तो किती गडद आहे, हे यंत्र मोजते. धुण्यात कसूर झाली, तर नसलेला आजारही दिसू शकतो.

आता मुद्दा दिवसांचा. एनएस-१ तापाच्या पहिल्या दिवसापासून साधारण पाचव्या दिवसापर्यंत सापडते. याउलट 'आयजीएम' प्रतिपिंडे शरीरात तयार व्हायलाच चार-पाच दिवस लागतात. दुसऱ्या दिवशी ती शोधली, तर ती सापडणार कशी? त्या मुलाची एनएस-१ तपासणी करून घेतली, ती पॉझिटिव्ह आली. वेळेवर लक्ष ठेवल्यामुळे मुलगा सुखरूप बरा झाला.

म्हणून वाचकहो, रक्त देताना ताप कितव्या दिवसाचा आहे, हे आवर्जून सांगा. ताप उतरताना पोटात जोराने दुखू लागले, सारख्या उलट्या झाल्या, हिरड्यांतून रक्त आले किंवा गुंगी वाटली, तर रिपोर्ट काहीही असो, रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात न्या.