दिवसाचे किती सांगायचे? वायरिंगच्या कामाचा दर

वायरिंगचं काम शिकलेल्या बऱ्याच जणी भेटल्या की विचारतात, "काम येतं हो, पण पैसे किती सांगायचे?" बोर्ड उघडताना हात थरथरत नाही, पण दर सांगताना जीभ अडखळते. आमचंही तसंच होत होतं. म्हणून आज दराबद्दलच बोलू.

पहिल्या वर्षी आम्ही दोघींनी शेजारच्या गावात एका घराचं वायरिंग घेतलं. किती सांगावे कळेना, म्हणून खुरपणीची मजुरी डोळ्यांपुढे ठेवली आणि एकीचे दिवसाला ३०० रुपये सांगितले. काम आठ दिवस चाललं. हातात ४,८०० रुपये पडले तेव्हा केवढा आनंद झाला! घरी येऊन हिशेब मांडला. स्कुटीचं पेट्रोल ६४० रुपयांचं. भिंतीत मोडलेले ड्रिलचे बिट, टेप, स्क्रू मिळून ४०० रुपये. उरले ३,७६०. शिवाय सामानाची यादी करायला आधी एक दिवस गेला होता, आणि नंतर "एक पंखा हळू फिरतोय" म्हणून बोलावलं त्यात आणखी एक. ते दोन दिवस आम्ही धरलेच नव्हते. दहा दिवस धरले तर एकीला रोजचे १८८ रुपये पडले. खुरपणीला गेलो असतो तर बरं झालं असतं. तिथे पेट्रोल लागत नाही आणि खुरपं घरचंच असतं.

मजुरीला जाणारी बाई फक्त आपले कष्ट घेऊन जाते. बाकी सगळं शेतमालकाचं. आपण स्वतःचं काम करतो तेव्हा हत्यार आपलं, गाडी आपली, काम नसलेला दिवसही आपलाच. हे सगळं दरात यायला हवं.

आता वही-पेन घ्या. आम्ही एकीचा हिशेब सांगतो. तुमच्या गावात आकडे वेगळे येतील, पण रीत हीच.

आधी दिवस मोजा. वर्षाचे ३६५. त्यातून आठवड्याची सुट्टी म्हणून ५२ काढा. सणवार, लग्नकार्य, पोराबाळांचं आजारपण यांचे ३०. पेरणी-काढणीला घरच्या शेतात ४५. आणि कुणाचं बोलावणंच येत नाही असे आम्ही ३८ धरले. उरले २००. पहिल्यांदा हा आकडा बघून आम्हालाही खोटा वाटला होता. मग कॅलेंडरवर वर्षभर खुणा केल्या आणि पटला.

या २०० दिवसांतही सगळा वेळ पैशाचा नसतो. सकाळी नऊला निघून सहाला परत येतो, पण जाणं-येणं, तालुक्याच्या दुकानाची फेरी, काम बघून अंदाज सांगणं यात वेळ जातो. कामावर हात चालतो ते सरासरी पाच तास. म्हणजे वर्षाचे १,००० तास.

आता खर्च. पेट्रोल १८,०००. गाडीची दुरुस्ती आणि विमा ५,०००. ड्रिल मशीन, मल्टीमीटर, पक्कड, टेस्टर असं सगळं सामान १५,००० चं आणि ते तीन वर्षं चालेल असं धरलं, म्हणून वर्षाला ५,०००. बिट, टेप, हातमोजे ३,०००. मोबाइल ३,६००. गटाच्या कर्जाचं व्याज आणि बुडालेली उधारी मिळून ५,४००. एकूण ४०,०००. इथे एक खाचखळगा आहे. हत्यारं गटाच्या कर्जातून घेतली असतील तर त्यांची किंमत आपण आधीच वर्षांत वाटून धरली आहे. कर्जाचा पूर्ण हप्ता पुन्हा मांडला तर तोच खर्च दोनदा येतो. म्हणून फक्त व्याज धरायचं.

घरासाठी महिन्याला १२,००० हवेत, म्हणजे वर्षाचे १,४४,०००. अडीनडीला आणि नव्या हत्याराला १६,००० बाजूला. सगळं मिळून २,००,०००. ते २०० दिवसांत वाटले तर दिवसाचे १,००० रुपये, आणि १,००० तासांत वाटले तर तासाचे २००. बँकेतल्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा वर्षाचा हप्ता २० रुपये आहे. तो या हिशेबात दिसतही नाही, पण विजेत हात घालणाऱ्या बाईने तो चुकवू नये.

छोट्या कामाचं काय? पंख्याचा कंडेन्सर बदलायला पंधरा मिनिटं लागतात. तासाच्या दराने ५० रुपये झाले. पण तिथपर्यंत जाऊन यायला, शिडी शोधायला, वहिनींचा चहा घ्यायला तास-दीड तास मोडतो. अशी घरं दिवसात चारच होतात. म्हणून एका फेरीचे कमीत कमी २५० आणि त्यात पहिला तास. पुढे तासाला २००. गावाबाहेर लांब जायचं असेल तर पेट्रोल वेगळं. पूर्ण दिवसाचं एकच काम असेल तर जाणं-येणं एकदाच होतं, म्हणून त्या दिवशी सात तास राबलो तरी १,००० च घेतो. गिऱ्हाइकाला स्वस्त पडतं आणि आपलंही नुकसान होत नाही.

नव्या घराचं काम लोक पॉइंटवर ठरवतात. दिवसाचा दर ठाऊक असला की पॉइंटचा काढता येतो. पट्टी ठोकून वायरिंग करताना आम्ही दोघी दिवसात दहा पॉइंट पुरे करतो. दोघींचे २,००० म्हणजे पॉइंटला २०० रुपये, मजुरीचे. भिंतीत झिरी पाडून पाइप टाकायचा असेल तर पॉइंट कमी होतात आणि दर चढतो. स्वतःचे पॉइंट मोजल्याशिवाय दुसऱ्याचा दर उचलू नका. नव्या जोडणीला परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल लागतो. त्याचे पैसे वेगळे आणि आधीच सांगायचे. मीटरच्या अलीकडची, खांबाकडची लाइन महावितरणची. तिला कितीही पैसे दिले तरी हात लावायचा नाही.

सामान गिऱ्हाइकाने आणावं, आपण यादी द्यावी. आणायला सांगितलं तर पैसे आधी घ्यावेत. दुकानदार मिस्त्रीला कमिशन देतात. घेणाऱ्याला आम्ही वाईट म्हणत नाही, पण आम्ही ते बिलातून वजा करायला सांगतो. त्यामुळे आमच्या मजुरीवर कुणी बोट ठेवत नाही.

घासाघीस होणारच. "बायका आहात, निम्म्यात करा" हेही ऐकलंय. वीज पुरुषाला हळू आणि बाईला जोरात धक्का देत नाही, एवढंच आम्ही सांगतो. दर न उतरवता काम उतरवतो: दोन पॉइंट पुढच्या वर्षी करू म्हणतो. पण "अर्थिंग राहू द्या" म्हटलं तर काम सोडतो. अर्थिंग नसेल तर फ्रिजच्या किंवा मोटारीच्या पत्र्यात उतरलेली वीज हात लावणाऱ्याच्या अंगातून जमिनीत जाते. ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी बसवा असंही सांगतो. वीज अशी गळली की ते पुरवठा तोडतं.

स्क्रू ढिला करण्याआधी दर सांगायचा आणि पावतीपुस्तकात लिहायचा. दर आम्ही पाडव्याला पुन्हा मांडतो, मध्येच वाढवत नाही.

परवा त्या पहिल्या घरच्या वहिनींचा फोन आला. मोटारीचा स्टार्टर लागत नव्हता. फेरीचे २५० आधीच सांगितले. "तेव्हा तर दिवसाचे तीनशेच घेत होतात की गं!" म्हणाल्या. वही सोबत होती, उघडून दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली, मग आत जाऊन आपल्या शिलाई मशीनची वही घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "ब्लाउजच्या शिलाईचं असंच मांडून द्या."