जातं, जू आणि विसावा

परभणी जिल्ह्यातलं गोदाकाठचं गंगाखेड हे संत जनाबाईंचं गाव. जनाबाईंना दळू लागायला विठ्ठल येई, ही कथा ठाऊक असलेल्याला ख्रिस्ती उपासनेतला विसावा समजायला जड जाऊ नये. कष्ट संपत नाहीत, पण त्यांत देवाची सोबत मिळते. मत्तयाच्या शुभवर्तमानात (अध्याय 11) येशू थकल्याभागल्यांना विसावा देऊ करतो आणि तिथंच आपलं जू खांद्यावर घ्यायलाही सांगतो. लूकच्या 10व्या अध्यायात मार्था पाहुणचारात गुंतलेली असते, तर मरिया येशूच्या पायाशी बसून ऐकते. येशू मरियेची निवड उचलून धरतो. उपासना म्हणजे आधी हे बसणं.

1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी या बसण्याला मराठी सूर दिला. आपण तुकोबांच्या वाटेनंच ख्रिस्तापाशी पोहोचलो, असं ते मानत. त्यांच्या अभंगांमुळे आणि भजनांमुळे मराठी ख्रिस्ती माणसाला देवापुढे परक्या चालीत बसावं लागलं नाही. माझ्या मते त्यांचं हे देणं त्यांच्या निसर्गकवितेहून मोठं आहे. मराठी मंडळ्यांच्या उपासनेत टिळकांची गीतं आजही गायली जातात.