डॉक्टरांनी सांगितलेला ‘एक चमचा’ म्हणजे नेमकं किती औषध?

रात्रीचे दोन वाजलेत, बाळ तापानं फणफणलंय. डॉक्टर फोनवर सांगतात, “एक चमचा सिरप द्या.” घरात मात्र चहाचा चमचा वेगळा, पोह्याचा वेगळा आणि भाजी वाढायचा आणखी वेगळा. यातला कुठला घ्यायचा?

औषधाच्या हिशोबात एक चमचा म्हणजे टीस्पून, म्हणजेच ५ मिलीलिटर. टेबलस्पून त्याच्या तिप्पट, १५ मिली. इथपर्यंत सोपं आहे. पण घरातले चमचे काही या मापानं बनवलेले नसतात. ग्रीसमधल्या संशोधकांनी घराघरांतले छोटे चमचे मोजले, तेव्हा त्यात २.५ पासून ७.३ मिलीपर्यंत पाणी मावलं. २०१० साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. एका घरातला ‘एक चमचा’ दुसऱ्या घरातल्या चमच्याच्या जवळपास तिप्पट! म्हणूनच अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१५ मध्ये सांगितलं, की मुलांच्या पातळ औषधाचा डोस फक्त मिलीमध्येच लिहा, चमच्यात नको.

आपल्याकडचे जुने कंपाउंडर या बाबतीत हुशार होते. मिक्श्चरच्या बाटलीवर ते खाचा पाडलेली कागदी पट्टी चिकटवून द्यायचे. एका वेळी एक खाच. चमचा शोधायची गरजच नाही.

मिली कळले तरी एक गोष्ट उरतेच, आणि खरा धोका तिथेच आहे. तापावरच्या पॅरासिटामॉलचं उदाहरण घ्या. लहान बाळांच्या ड्रॉप्समध्ये साधारण १ मिलीत १०० मिलीग्रॅम औषध असतं. साध्या सिरपमध्ये ५ मिलीत १२० मिग्रॅ, तर जास्त ताकदीच्या सिरपमध्ये ५ मिलीत २५० मिग्रॅ. समजा, डॉक्टरांनी बाळाचं वजन बघून १५० मिग्रॅचा डोस ठरवला. तो ड्रॉप्समधून दीड मिली होतो, साध्या सिरपमधून सव्वासहा मिली आणि जास्त ताकदीच्या सिरपमधून ३ मिली. आता ‘एक चमचा’ लक्षात ठेवून कुणी ड्रॉप्सच ५ मिली पाजले, तर पोटात ५०० मिग्रॅ गेलं. तिपटीहून जास्त. पॅरासिटामॉल जास्त झालं की त्याचा मार यकृतावर बसतो. त्यामुळे फोनवर डोस विचारताना बाटलीवरचा ‘इतक्या मिलीत इतके मिग्रॅ’ हा आकडा डॉक्टरांना वाचून दाखवा.

दुधाच्या बाटलीवरचा औंसही असाच गोंधळ घालतो. एक औंस म्हणजे साधारण ३० मिली. आपल्याकडच्या बहुतेक पावडरींना ३० मिली पाण्यात एक सपाट मापटं लागतं. अमेरिकेत मिळणाऱ्या बऱ्याच डब्यांना मात्र एक मापटं दोन औंसाला, म्हणजे ६० मिलीला पुरतं. तिकडून मावशीनं डबा आणला आणि इथल्या सवयीनं दूध कालवलं, तर ते दुप्पट घट्ट होतं आणि तान्ह्या बाळाला ते झेपत नाही. मापटंही ज्या डब्याचं त्याच डब्यासाठी वापरायचं.

औषधासोबत मापाचं झाकण आलं असेल तर ते वापरा. मात्र ते सपाट जागी ठेवून, डोळे रेषेच्या पातळीवर आणून बघा. हातात धरून वरून बघितलं तर चुकतं. १-२ मिलीसारख्या छोट्या डोससाठी मेडिकलमध्ये मिळणारी बिनसुईची सिरिंज बरी. तिचं टोक गालाच्या आतल्या बाजूला ठेवून हळूहळू पाजलं, की ठसकाही लागत नाही.

आणि घरातला चमचा तपासायचाच असेल, तर त्याच सिरिंजनं त्यात ५ मिली पाणी सोडून बघा. काहींतून ते सांडेल, काहींत तळाशीच राहील.