पायगोपॅगस जुळी

पायगोपॅगस हा सयामी जुळ्यांचा एक दुर्मीळ प्रकार आहे. यात दोन बालके नितंबांच्या बाजूने, पाठीला पाठ लावून बसल्यासारखी, एकमेकांना जोडलेली जन्मतात. हा जोड त्रिकास्थी व माकडहाड यांच्या पातळीवर असतो. 'नितंब' आणि 'घट्ट जोडलेले' या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून हे नाव पडले आहे. अशा जुळ्यांची हृदये, फुप्फुसे व यकृते सहसा स्वतंत्र असतात. त्यामुळे छातीला जोडलेल्या जुळ्यांच्या तुलनेत ती जगण्याची शक्यता पुष्कळ अधिक असते. मात्र त्यांच्या पाठीच्या कण्याचे खालचे टोक आणि तेथून निघणाऱ्या नसा एकमेकांत कितपत गुंतल्या आहेत, यावर त्यांचे पुढील आयुष्य अवलंबून असते.

उत्पत्ती

सयामी जुळी एकाच फलित अंडापासून निर्माण होतात. फलनानंतर साधारण १३ दिवस उलटल्यावर गर्भाचे विभाजन सुरू झाले, तर ते अपुरे राहते असे एक मत आहे. दुसऱ्या मतानुसार वेगळे झालेले दोन गर्भ पुढे पुन्हा चिकटतात. या जुळ्यांत मुलींचे प्रमाण मुलांपेक्षा जास्त आढळते. त्याचे कारण अद्याप उलगडलेले नाही.

मेरुरज्जू ज्या नलिकेपासून बनतो, ती गर्भाच्या चौथ्या आठवड्याच्या अखेरीस मिटते. ती नीट मिटली नाही तर स्पायना बायफिडा, म्हणजे दुभंगलेला कणा, हे व्यंग निर्माण होते. मेरुरज्जूचा अगदी खालचा भाग मात्र त्यानंतर, शेपटाकडील पेशीपुंजापासून वेगळ्या रीतीने तयार होतो. पायगोपॅगस जुळ्यांचा जोड नेमका याच जागी असल्याने अपुरी त्रिकास्थी, कण्याच्या कमानीतील फट, खाली ताणून बांधला गेलेला मेरुरज्जू असे दोष त्यांच्यात आढळतात. गरोदरपणापूर्वीपासून फॉलिक आम्ल घेतल्याने स्पायना बायफिडाचा धोका बराच घटतो. सयामी जुळी टाळण्याचा तसा उपाय ज्ञात नाही; ग्रहण पाळण्या-न पाळण्याशी तर दोहोंपैकी कशाचाही संबंध नाही.

मेरुरज्जूची रचना

काही जुळ्यांत दोन्ही मेरुरज्जू आपापल्या आवरणात स्वतंत्र असतात. काहींत रज्जू वेगळे, पण आवरणाची पिशवी एकच असते. सर्वांत अवघड प्रकारात दोन्ही रज्जू टोकाला टोक लागून एकजीव झालेले असतात आणि एका बालकाच्या काही नसा दुसऱ्याच्या शरीरात गेलेल्या असतात. गुदद्वार व जननमार्गाचा काही भागही पुष्कळदा सामाईक असतो.

इतिहासातील उदाहरणे

हंगेरीत १७०१ साली जन्मलेल्या हेलन व ज्युडिथ या बहिणींना युरोपभर प्रदर्शनात फिरवण्यात आले. १७२३ मध्ये त्या दोघी जवळजवळ एकाच वेळी मरण पावल्या.

मिली व क्रिस्टीन मॅकॉय यांचा जन्म १८५१ साली अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात एका गुलाम दांपत्याच्या पोटी झाला. कायद्याने त्या मालमत्ता ठरत असल्याने बालपणीच त्यांची विक्री झाली, प्रदर्शनासाठी त्यांना इंग्लंडलाही पळवून नेण्यात आले. पुढे त्यांच्या आईने तेथे जाऊन त्यांना परत मिळवले. त्या उत्तम गात व नाचत. त्यांच्या पायाला केलेला स्पर्श दोघींनाही जाणवे, मात्र पायांची हालचाल ज्याची त्यालाच करता येई, अशी नोंद त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांनी केली. संवेदना वाहणाऱ्या आणि हालचाल घडवणाऱ्या नसांचे मार्ग वेगळे असतात, याचे हे जिवंत उदाहरण होते. परंतु अशा तपासण्या त्यांना इच्छा नसतानाही, पुन्हा पुन्हा सोसाव्या लागल्या. १९१२ मध्ये मिलीचा क्षयरोगाने मृत्यू झाला आणि काही तासांनी क्रिस्टीनचाही.

इंग्लंडमधील ब्रायटन येथे १९०८ साली जन्मलेल्या डेझी व व्हायोलेट हिल्टन यांची कमाई त्यांचे पालक म्हणवणारेच घेत. १९३१ मध्ये न्यायालयात जाऊन त्यांनी स्वतःची सुटका करून घेतली. 'फ्रीक्स' (१९३२) या चित्रपटात त्यांनी भूमिका केली होती.

विलगीकरण शस्त्रक्रिया

गर्भावस्थेतील सोनोग्राफीत जोड दिसू शकतो. मेरुरज्जूचे खरे चित्र एमआरआयमधून मिळते. शस्त्रक्रियेच्या वेळी प्रत्येक नस सूक्ष्म विद्युतप्रवाहाने उद्दीपित करून कोणत्या बालकाचा कोणता स्नायू आकुंचन पावतो ते पाहिले जाते. एकजीव रज्जू कोठे कापायचा हे त्यावरून ठरते. नस चुकीच्या बाजूला गेली, तर एका बालकाचे पाय लुळे पडू शकतात किंवा मलमूत्रावरील ताबा जातो. रज्जूचे आवरण पाणी न झिरपेल असे शिवावे लागते, अन्यथा मेरुद्रव गळून मेंदूज्वराचा धोका असतो. उघडी पडणारी जखम झाकण्यासाठी काही वेळा आधीच त्वचेखाली फुगे बसवून त्वचा वाढवून घेतात.

विलग झाल्यावरही उपचार संपत नाहीत. मूल उंच होऊ लागले की व्रणात अडकलेला मेरुरज्जू पुन्हा ताणला जाऊ शकतो. चालण्यात फरक, पाठीला बाक किंवा लघवीवरील ताबा सुटणे ही त्याची लक्षणे असल्याने अशा मुलांची तपासणी वाढीची वर्षे संपेपर्यंत चालू ठेवतात.