रानडुक्कर समजून माणसावर गोळी कशी सुटते?
शहापूर-मुरबाडच्या जंगलपट्ट्यात रानडुकरं रात्री शेतात घुसतात. चोरटी शिकारही रात्रीचीच. साथीदार वेगवेगळ्या बाजूंनी दबा धरून बसतात. झुडूप हललं की बार! समोर कोण होतं, ते नंतर कळतं.

जानेवारी २०२५ अखेरीस शेजारच्या पालघर जिल्ह्यात, बोरशेतीच्या जंगलात हेच घडलं. डुक्कर समजून झाडलेली गोळी गावच्याच साथीदाराला लागली आणि तो गेला. सोबत्यांनी पोलिसांना कळवायचं सोडून मृतदेह झुडपात लपवला.

पीक वाचवायचं म्हणून परस्पर शिकार करता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ११ नुसार लेखी परवानगी लागते. घरातल्या जुन्या ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतोच. पिकाच्या नुकसानीची भरपाई मात्र पंचनाम्यानंतर वन विभागाकडून मिळू शकते.