नावाची वहिवाट

१९४९ साली मेहबूब खान यांचा ‘अंदाज’ आणि राज कपूर यांची ‘बरसात’ हे दोन चित्रपट प्रदर्शित झाले. दोहोंत राज कपूर आणि नर्गिस ही जोडी होती. मात्र ‘अंदाज’चे संगीत नौशाद यांचे, तर ‘बरसात’पासून शंकर-जयकिशन या नवख्या जोडीच्या कारकिर्दीस आरंभ झाला. पुढे १९७१ साली रमेश सिप्पी यांनी आपल्या पहिल्याच चित्रपटास ‘अंदाज’ हे नाव दिले, तेव्हा त्याचे संगीत ज्यांच्याकडे गेले, ते हेच शंकर-जयकिशन होत. १९९४ मध्ये डेव्हिड धवन यांचा ‘अंदाज’ आला, तो बप्पी लाहिरी यांच्या चालींसह. २००३ मध्ये राज कंवर यांचा आला, तो नदीम-श्रवण यांच्या. मधल्या काळात, १९९५ साली, राजकुमार संतोषी यांची ‘बरसात’ आली आणि २००५ साली सुनील दर्शन यांची. या दोन्हींचा नायक बॉबी देओल आणि दोन्हींचे संगीतकार पुन्हा नदीम-श्रवणच. म्हणजे नावे दोन, चित्रपट सात, आणि संगीतकारांची बिऱ्हाडे अवघी चार.

नामसाम्याचा एक प्रकार सहज उलगडणारा आहे. बाबूराव पेंटर यांनी १९२३ साली काढलेला मूक ‘सिंहगड’ आणि प्रभातने १९३३ साली काढलेला बोलका ‘सिंहगड’ यांचे नाव एक, कारण दोहोंच्या मुळाशी हरि नारायण आपटे यांची एकच कादंबरी; पहिल्यात शेलारमामाची भूमिका करणारे शांताराम वणकुद्रे दुसऱ्याचे दिग्दर्शक झाले, ही परंपरा तर वारसाहक्कानेच चालत आलेली. ‘देवदास’चेही तसेच: १९३५, १९५५ आणि २००२ या तिन्ही चित्रपटांचा धनी शरच्चंद्र चट्टोपाध्याय. परंतु सात ‘अंदाज’-‘बरसातीं’ना असा कोणताही समाईक पूर्वज नाही. त्यांच्यात समाईक आहे तो केवळ शब्द. आणि असा शब्द कोणाच्या मालकीचा, याचा निवाडा दप्तरात लागत नाही, रसिकांच्या कानांत लागतो, असे माझे मत आहे.

एकाच शब्दावर निर्मात्यांची दृष्टी का खिळावी, याची कारणे व्यवहारातली आहेत. भित्तिपत्रकावर तेच नाव नागरी, उर्दू आणि रोमन अशा तीन लिप्यांत लिहावयाचे. ते पेशावरपासून नागपुरापर्यंत कोणासही विचारल्यावाचून समजावयास हवे. आणि तबकडीच्या मधोमध चिकटविलेल्या वाटोळ्या कागदावर ते इतर मजकुरासह मावले पाहिजे. या तिन्ही अटी पुऱ्या करणारे शब्द बोलभाषेत मोजकेच. म्हणूनच ‘किस्मत’ १९४३ मध्ये बॉम्बे टॉकीजची होते आणि १९६८ मध्ये मनमोहन देसाई यांची. ‘आँखें’ १९५०, १९६८, १९९३ आणि २००२ अशी चारदा उघडतात.

तबकडीवरील त्या वाटोळ्या कागदाचे महत्त्व आज ध्यानात येणे कठीण आहे. मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटांचे गाणे मावे आणि त्याची सारी कैफियत त्या कागदावर असे. १९४९ च्याच ‘महल’ची प्रसिद्ध तबकडी प्रथम निघाली, तेव्हा गायिकेच्या जागी लता मंगेशकर यांचे नाव नव्हते, तेथे पडद्यावरील पात्राचे, ‘कामिनी’ हे नाव छापलेले होते. गाणारीचाच पत्ता जिथे लागू नये, तिथे श्रोत्यास धरावयास दोनच गोष्टी उरत: चित्रपटाचे नाव आणि खेमचंद प्रकाश यांची चाल. पुढे १९६९ साली कल्याणजी-आनंदजी यांच्या संगीताचा दुसरा ‘महल’ आला आणि त्या दोहोंपैकी नावाचा आधारही निकामी झाला.

नावाला किती मोल असते, हे १९५२ च्या आकाशवाणी प्रकरणात उघड झाले. नभोवाणीमंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्या कारकिर्दीत असे ठरले की, गाण्याबरोबर चित्रपटाचे नाव सांगणे ही जाहिरात होय, सबब ते सांगू नये; गायकाचे नाव तेवढे पुरे. निर्मात्यांनी त्यावर आपल्या गाण्यांचे परवानेच काढून घेतले, श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, आणि त्याच वर्षाअखेरीस सुरू झालेल्या बिनाका गीतमालेचे निवेदक अमीन सायानी घरोघरी ओळखीचे झाले. १९५७ च्या ३ ऑक्टोबरला विविध भारती सुरू झाली, ती या हातून गेलेल्या श्रोतृवर्गास परत आणण्यासाठी.

मराठी वाचकाला या विषयात ‘शारदा’ विसरून चालणार नाही. गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘संगीत शारदा’ १८९९ साली रंगभूमीवर आले आणि जरठ-कुमारी विवाहाच्या चर्चेत त्या नावाने घर केले, ते इतके की १९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यास ‘शारदा कायदा’ म्हणताना तो नाटकावरूनच ओळखला जात असावा, असा ग्रह सहज व्हावा. वस्तुतः ते नाव विधेयकाचे कर्ते हरबिलास सारडा यांचे. पुढे त्याच नावाचे हिंदी चित्रपट तीन: १९४२ चा कारदार यांचा, ज्यात नौशाद यांनी कोवळ्या सुरैयाकडून मेहताबसाठी गाऊन घेतले, १९५७ चा, सी. रामचंद्र यांच्या संगीताचा. आणि १९८१ चा, लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या संगीताचा. १९५७ च्या चित्रपटात नायकाची प्रेयसी त्याच्या वडिलांची पत्नी होऊन येते, तेव्हा मराठी प्रेक्षकास देवलांची आठवण होणे स्वाभाविक. परंतु ती कथा आली होती १९५४ च्या एका तमिळ चित्रपटावरून.

आता दप्तराकडे वळू. मुंबईत १९३७ साली स्थापन झालेल्या इम्पा या संस्थेपासून निर्मात्यांच्या संघटनांनी नावांच्या नोंदवह्या ठेवल्या आहेत. सभासदाने अर्ज करावा, संघटनांनी परस्परांत विचारणा करावी, नाव मोकळे असल्यास ते त्याच्या खाती चढवावे, असा रिवाज. परंतु हा बंदोबस्त सभासदांपुरता. तो कायद्याचा दस्तऐवज नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली ‘देसी बॉईज’च्या वादात शीर्षकाला स्वतंत्र प्रताधिकार नाही, असा निर्वाळा दिला. हे निकालपत्र नागपूरचे न्या. शरद बोबडे यांचे. आणि त्यात आधार घेतला आहे तो प्रिव्ही कौन्सिलच्या एका जुन्या निवाड्याचा, ज्यात माँटे कार्लोच्या जुगारगृहावरील एका गाजलेल्या इंग्रजी गाण्याच्या मालकांनी त्याच नावाच्या १९३५ च्या चित्रपटाविरुद्ध केलेली फिर्याद फेटाळली गेली होती.

तरीही न्यायालयांनी एक दार किलकिले ठेवले आहे. ‘निःशब्द’ या नावाच्या बंगाली चित्रपटाच्या निर्मात्यांनी रामगोपाल वर्मा यांच्या २००७ च्या त्याच नावाच्या हिंदी चित्रपटाविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली, तेव्हा न्यायालयाने मनाईहुकूम नाकारताना कसोटी मात्र सांगितली: ते नाव उच्चारताच लोकांच्या मनात तुमचीच कृती उभी राहते, हे सिद्ध करा. दीर्घ वहिवाटीने हक्क पिकावा, त्यातलाच हा प्रकार.

ही कसोटी श्रोत्यांनी न्यायालयाच्या कितीतरी आधी लावलेली आहे. जुन्या तबकड्यांच्या बाजारात कोणी ‘अंदाज’ मागितला, तर दुकानदार विचारतो, ‘‘नौशादचा की शंकर-जयकिशनचा?’’ नोंदवहीतला क्रमांक वा दिग्दर्शकाचे नाव त्याला लागत नाही. पहिल्या ‘अंदाज’मध्ये दिलीपकुमारसाठी मुकेश आणि राज कपूरसाठी महंमद रफी गातात, ही पुढील काळाच्या नेमकी उलट असलेली वाटणी ज्याने ऐकली, त्याला दुसऱ्या ‘अंदाज’शी तिची गल्लत करणे शक्य नाही. पण ज्याला ‘बरसात’ हवी असेल त्याने ‘‘नदीम-श्रवणची’’ म्हणून भागत नाही, ‘‘बॉबीची’’ म्हणूनही नाही. तिथे साल सांगणे भागच पडते. कानपूरच्या हरमंदिर सिंह ‘हमराज़’ यांनी ‘हिंदी फिल्म गीत कोश’ दशकवार रचला, त्यामागची दूरदृष्टी अशा वेळी पटते. संगणकावर गाणी साठविणारे आज साल गाळून केवळ नाव नोंदवतात, आणि १९४९ ची चाल २००५ च्या चित्रासह लोकांपुढे येते. नाव मोकळे आहे, ते मोकळेच राहो. परंतु त्याच्यापुढे साल आणि संगीतकार लिहिण्याचा शिरस्ता संग्राहकांनी, नभोवाणीने आणि आपल्या नियतकालिकांनीही पाळला पाहिजे, एरवी ज्याची वहिवाट शाबीत झाली आहे त्याचाच हक्क नोंदीअभावी बुडेल.