घड्याळाची कळ कोणाच्या हाती?

अमेरिकन फुटबॉलचा महाविद्यालयीन वा व्यावसायिक सामना कागदोपत्री ६० मिनिटांचा, म्हणजे १५ मिनिटांच्या चार चरणांचा असला, तरी प्रत्यक्षात तो तीन तासांहूनही अधिक रेंगाळतो, कारण त्यातील घड्याळ चालते त्यापेक्षा थांबते अधिक. मैदानापासून उंचावरील कक्षात बसलेल्या घड्याळचालकास स्वतःचा असा अखत्यार जवळजवळ नाहीच: पंचाने दोन्ही हात डोक्यावर एकमेकांस छेदून हलविले की काळ थांबवावयाचा, आणि एक हात रहाटासारखा फिरविला की तो पुन्हा सोडावयाचा. फेकलेला चेंडू न झेलला जाता भुईवर पडला, तर पुढील डावासाठी चेंडू हलेपर्यंत घड्याळ निश्चल राहते. इतकेच नव्हे, तर आरंभीच्या लाथेने चेंडू हवेत उडाला, तरी मैदानात कोणी त्यास नियमानुसार स्पर्श करीपर्यंत एकही सेकंद खर्ची पडत नाही. दोन डावांमधील ४० वा २५ सेकंदांचे घड्याळ बहुधा निराळ्या इसमाकडे असते.

अशा निमूट हुद्द्यावरूनही रणे माजतात. ३ नोव्हेंबर २००१ रोजी मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या मैदानावर घड्याळ अखेरच्या १ सेकंदावर थांबले, आणि तेवढ्या अवकाशात यजमानांनी मिशिगन विद्यापीठाविरुद्धची बाजी २६-२४ अशी जिंकली. ते थांबणे वाजवी होते काय, हा तंटा अद्याप मिटलेला नाही. आमच्या मते दोष व्यक्तीचा नसून, यजमानांच्याच माणसाहाती कळ सोपविणाऱ्या वहिवाटीचा होता. ही दोन्ही विद्यापीठे ज्या क्रीडासंघटनेत खेळतात, त्या बिग टेनने पुढे हे काम तटस्थ अधिकाऱ्यांकडे दिले.